अंतराळयानाची नांदी

मालिकेच्या शीर्षकसंगीतावरून आमच्या कसबा बावड्यात झालेला पहिला वाद, निदान माझ्या माहितीतला, पंचगंगेच्या काठावर झाला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची आणि गल्लीतल्या ज्या एका घरात टीव्ही होता तिथे उंबऱ्यापर्यंत माणसं बसायची. मालिका इंग्रजी. बसलेल्यांपैकी बहुतेकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. सुरुवातीला यानाचा कप्तान गंभीर आवाजात चार वाक्यं बोलायचा, तीही डोक्यावरून जायची. पण त्यामागून जी सुरावट उठायची तिला इंग्रजी येण्याची गरज नव्हती. ती सगळ्यांना कळायची.

मालिका संपली की आम्ही पोरं पोहायला. तिथे वाद लागला तो असा: सुरावटीत जो आवाज उंच उंच चढत जातो, तो बाईचा की वाद्याचा? मी बाईच्या बाजूने होतो. माझा मित्र वाद्याच्या. "बाईचा गळा एवढा वर जातोय व्हय रं?" हा त्याचा बिनतोड मुद्दा. पैज मिसळीची लागली. निकाल द्यायला मात्र साऱ्या बावड्यात कुणी नव्हतं.

हा वाद फक्त आमचाच नव्हता हे मला फार उशिरा कळलं. जगभरातल्या पुष्कळ श्रोत्यांनी तो आवाज थेरेमिन या विद्युत-वाद्याचा समजून ठेवला होता. अलेक्झांडर करेज यांनी बांधलेली ही सुरावट मालिकेच्या पहिल्या पर्वात वाद्यांवर ऐकू येते आणि दुसऱ्या पर्वापासून लूली जीन नॉर्मन या गायिकेचा शब्दांवाचूनचा आकार तीत पुढे येतो. म्हणजे कोणत्या रविवारी कोणत्या पर्वातला भाग लागला यावर आमचं दोघांचंही खरं होतं.

मी संगीताचा अभ्यासक नाही. पदवीही संगीताची किंवा साहित्याची नाही. जे काही वाचलं ते जुन्या नाटकांच्या पुस्तकांतून, रद्दीच्या दुकानांतून आणि नगर वाचन मंदिराच्या बाकांवर बसून. विज्ञानकथा हा शब्द आमच्या पिढीला जयंत नारळीकरांनी दिला, आणि त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा, याचा आम्हाला उगीचच अभिमान होता. एवढ्या भांडवलावर मी या लेखात एका परदेशी भांडणात तोंड घालतो आहे. कारण त्या भांडणात दोन्ही बाजूंनी जे मुद्दे मांडले गेले, त्यांतले निम्मे मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला ऐकल्याबरोबर निकालात काढता येतील असे आहेत. उरलेल्या निम्म्यांनी मात्र माझंच मत हलवलं.

भांडण असं. 'स्टार ट्रेक'च्या मालिका एकामागून एक येत गेल्या. १९८७ साली दुसरी मोठी मालिका आली, १९९३ साली तिसरी, १९९५ साली चौथी. सगळ्यांची शीर्षकसंगीतं वाद्यवृंदाची होती, शब्द कुठेच नव्हते. सप्टेंबर २००१ मध्ये 'एंटरप्राइज' सुरू झाली. कथाकाळ कप्तान कर्कच्या शंभर वर्षं आधीचा. माणूस नुकताच घराबाहेर पडतो आहे, अजून कुठला ताऱ्यांचा संघ नाही, यानात बसल्यावर कप्तानाच्याही पोटात गोळा येतो, असा. आणि या मालिकेला चक्क गाणं होतं. डायेन वॉरेन यांनी लिहिलेलं, १९९८ सालच्या 'पॅच ॲडम्स' या एका डॉक्टरवरच्या चित्रपटासाठी रॉड स्टुअर्टने आधीच गायलेलं. तेच नाव बदलून रसेल वॉटसन या इंग्रज टेनर गायकाकडून पुन्हा गाऊन घेतलेलं. चाहते खवळले. सह्यांच्या मोहिमा झाल्या. केवळ या गाण्यामुळे आपण मालिका पाहिली नाही असं सांगणारी माणसं आजही भेटतात, आणि रिमोटवर बोट ठेवून ते दीड मिनिट पुढे ढकलणारी त्याहून जास्त.

आक्षेप मुख्यतः तीन. गाण्याला शब्द आहेत, हा पहिला. ते उसनं आहे, हा दुसरा. आणि ते गुळगुळीत, रेडिओवर दुपारी वाजतं तसलं आहे, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपाचं मला हसू आलं. आमच्याकडे खेळाआधी शब्द नसले तर लोक चुकचुकतील. तमाशात गण झाल्याशिवाय गवळण नाही आणि गवळणीशिवाय वग नाही. संगीत नाटकात तिसऱ्या घंटेनंतर पडदा वर जायचा आणि सगळी नटमंडळी हात जोडून नांदी म्हणायची. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात लहानपणी मामांच्या शेजारी बसून मी ती पहिल्यांदा ऐकली. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथली लाकडी रंगभूमी गेली त्याबद्दल इथे लिहीत नाही, विषय लांब जाईल. सांगायचं एवढंच की शब्दांची नांदी ही माझ्या कानाची पहिली सवय आहे.

पण नांदी म्हणजे नुसतं सुरुवातीचं गाणं नव्हे. जुन्या नाट्यशास्त्रकारांनी तिच्याकडून दोन कामं मागितली. तिने आशीर्वाद द्यावा, आणि पुढे येणाऱ्या कथेची चाहूल द्यावी. हे दुसरं काम फार अवघड असतं. 'मुद्राराक्षसा'ची नांदी याचा उत्तम नमुना मानतात. शंकराच्या डोक्यावर कोण बसलं आहे असं पार्वती विचारते, आणि गंगेला लपवण्यासाठी शंकर शब्दांचे खेळ करत उत्तरं टाळतो. पुढे चाणक्य पाच-सात अंक हेच करणार आहे. प्रेक्षकाला ते अजून ठाऊक नाही, पण त्याचा कान तयार झाला. 'शाकुंतला'च्या नांदीत कालिदासाने पाणी, अग्नी, सूर्य, चंद्र, आकाश, पृथ्वी, वायू आणि यजमान अशी शंकराची आठ रूपं मांडली. गंमत म्हणजे अंतराळाच्या मालिकेला शोभावी अशी ही यादी आहे.

दुसरा आक्षेप, उसनेपणाचा, मराठी माणसासमोर एक क्षणही टिकत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं तेव्हा पदं लोकांच्या ओठांवरच्या चालींवरच बसवली होती: साक्या, दिंड्या, लावण्या, कीर्तनातल्या आणि कानडी चाली. १९११ च्या 'मानापमाना'त आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमऱ्या-दादऱ्यांचं धन आणून ओतलं आणि त्यातून नाट्यसंगीताला नवा काळ मिळाला. जुनी छापील नाटकं काढून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. कर्ज कुणाचं ते उघड छापलेलं. अमेरिकन निर्मात्यांनी गाण्याचं नाव बदललं तिथे त्यांची थोडी चूक झाली एवढंच मी म्हणेन. चित्रपटातलं गाणं आहे हे लोकांना पहिल्याच दिवशी कळणार होतं.

शिवाय ज्या शुद्ध, शब्दविहीन मूळ सुरावटीची शपथ घेऊन ही मंडळी भांडत होती तिचा इतिहास तरी कुठे सोवळा होता? त्या सुरावटीला शब्द आहेत! मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी करेजच्या सुरावटीवर गीत लिहिलं. ते कधी गायलं जावं असा हेतूच नव्हता. गीतकार म्हणून नाव लागलं की मानधनाचा अर्धा हिस्सा मिळतो, म्हणून लिहिलं. आणि तो मिळाला. करेजना हे अर्थातच रुचलं नाही. आम्ही पोरं बंधाऱ्यावर जी सुरावट आकारात ओरडत होतो तिच्या खाली कुणाचे तरी न गायलेले शब्द पुरलेले होते आणि त्यांचे पैसे दर वाजवणुकीला वसूल होत होते, हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

तिसरा आक्षेप आवडीनिवडीचा. त्याबद्दल मी एवढंच म्हणेन की गाणं मलाही आवडत नाही. गायकाचा आवाज चांगला कमावलेला आहे, पण चाल प्रत्येक कडव्याला आधीच ठाऊक असलेल्या जागी जाऊन पोचते. एवढ्यावर मात्र कुणी चार वर्षं चिडत नाही. साधी-सुधी चाल आपण सोसतो. आमच्या मराठी वाहिन्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत किती सोसायला लावल्या! चीड खरी कशाची होती ते चाहत्यांच्या मुद्द्यांत नीट येत नाही. ते शोधायला मी ती शीर्षकं वीस-पंचवीस वेळा पाहिली, अर्ध्या वेळा आवाज बंद करून.

आवाज बंद केला की ती शीर्षकं अप्रतिम आहेत. जुने नकाशे, शिडाची जहाजं, बलून, राइट बंधूंचं विमान, लिंडबर्गचं, मग ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेलं एक्स-१, अपोलो, मंगळावर फिरलेली छोटी सोजर्नर गाडी, अंतराळस्थानक, आणि तिथून पुढे अजून न घडलेली यानं, एकात एक मिसळत जाणारी. खरं कुठे संपलं आणि कल्पित कुठे सुरू झालं तो सांधा दिसतच नाही. या एका सांध्यात मालिकेचा सगळा दावा आहे. यात काही प्रसिद्ध चेहरे आहेत, पण त्यांच्यामागे शिडं शिवणारे, लोखंड ठोकणारे, आकडेमोड करणारे हजारो लोक आहेत आणि कित्येक पिढ्या आहेत. चित्रं म्हणतात 'आपण'.

आता आवाज सुरू करा. गाणं म्हणतं 'मी'. माझं मन, माझा निर्धार, माझी जिद्द. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या एका हट्टी माणसाच्या चित्रपटासाठी ते लिहिलेलं होतं. तिथे तो 'मी' बरोबर होता. पाचशे वर्षांच्या प्रवासावर तोच 'मी' चिकटवला की डोळा एक सांगतो आणि कान दुसरं. नांदीचं दुसरं काम, कथेची चाहूल, इथे फसतं. प्रेक्षकाला जे टोचत होतं ते हे होतं असं माझं मत आहे. त्याला हे शब्दांत धरता आलं नाही, म्हणून तो रॉक संगीताला शिव्या देत बसला.

निर्मात्यांनीही ओरडा ऐकला, पण कळून घेतला नाही. मे २००३ मध्ये दुसरं पर्व संपताना कथेने भयंकर वळण घेतलं. पृथ्वीवर हल्ला होतो, सत्तर लाख माणसं मरतात, आणि तिसऱ्या पर्वात यान शोध सोडून सूडाच्या वाटेला लागतं. याच तिसऱ्या पर्वात त्यांनी गाणं बदललं, म्हणजे लय वाढवली, तालवाद्यं भरली, ते अधिक खेळकर केलं. समोर सत्तर लाखांचं सुतक आणि दारात बँड. आधी नांदी कथेशी जुळत नव्हती, आता ती तिच्या विरुद्ध दिशेला चालू लागली. 'गाणं बदला' या मागणीचा अर्थ 'गाणं वेगात वाजवा' असा लावला गेला. चाहत्यांच्या तक्रारीतला शब्द घेऊन त्यातली वेदना टाकून देण्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

खरी परीक्षा मात्र एप्रिल २००५ मध्ये झाली, मालिका बंद पडायला महिनाही उरला नव्हता तेव्हा. दोन भागांची एक कथा होती, आरशातल्या उलट्या जगाची. तिथे माणसांनी संघ बांधला नाही, साम्राज्य बांधलं. या दोन भागांपुरती शीर्षकं नवी केली गेली. रचना तीच, एकातून दुसरं चित्र, पण चित्रं लढाऊ जहाजांची, विमानांची, रणगाड्यांची, स्फोटांची. आणि गाणं नाही. डेनिस मॅकार्थी आणि केविन कायनर यांची लष्करी थाटाची, शब्दविहीन सुरावट.

मी ते पाहिलं आणि उडालो. सगळं जुळलं होतं. डोळा आणि कान एक बोलत होते. नांदी म्हणून निर्दोष. चाहत्यांना ही शीर्षकं फार आवडतात, आणि का आवडतात ते मला समजतं. पण मग माझ्याच पोटात कालवलं. चार वर्षं ज्या शब्दविहीन वाद्यवृंदाची मागणी होत होती तो शेवटी मिळाला, आणि तो मिळाला साम्राज्याला. शब्द नसलेली भव्य सुरावट कुणाचीही होऊ शकते. तिला फक्त चित्रं बदलून द्यायची. तो गुळगुळीत 'मी' कसाही असो, रणगाड्यांवर तो गाता आला नसता. गायला असता तर प्रेक्षक हसला असता. म्हणजे त्या दुबळ्या गाण्यात काहीतरी होतं जे विकत घेऊन दुसऱ्याच्या दारात बांधता येत नव्हतं.

इथे मला माझी बाजू उघडी करायला हवी. मी शब्दांच्या विरुद्ध होतो ते कानाच्या सवयीमुळे नव्हे. सवय तर नांदीची होती. मी विरुद्ध होतो कारण आमच्या गल्लीतल्या त्या टीव्हीसमोर, इंग्रजी न येणाऱ्या माणसांना जे काही मिळालं ते शब्द नव्हते म्हणून मिळालं. २००१ मध्ये त्यांनी शब्द घातले तेव्हा मला वाटलं, दार लावून घेतलं. हे मी कुठे बोललो नव्हतो. माझ्या पुतण्याने ते माझ्याकडून काढून घेतलं.

पुतण्या पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याच्याच लॅपटॉपवर मी ही मालिका पाहिली. त्याला ते गाणं पाठ आहे. मी हा 'मी' आणि 'आपण'चा मुद्दा त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितला. तो ऐकून घेतल्यावर म्हणाला, "काका, तुम्हाला तो 'मी' खटकतो. मला तेवढाच हवा होता. बावड्यातून पुण्याला गेलो तेव्हा वर्गात इंग्रजी बोलायची भीती वाटायची. हॉस्टेलवर हे गाणं लावून मी उच्चार शिकलो. आपण-आपण म्हणणारं तिथं कोण होतं माझ्याबरोबर?"

मला उत्तर सुचलं नाही. ज्या शब्दांना मी लावलेलं दार समजत होतो त्यांनाच धरून हा आत गेला होता. नासानेही अंतराळवीरांना सकाळी उठवायला हे गाणं वाजवलं आहे. ते वाचलं तेव्हा मी ते प्रसिद्धीचं प्रकरण म्हणून सोडून दिलं होतं. आता तेवढं सोपं वाटत नाही. घरापासून इतक्या लांब झोपलेल्या माणसाला सकाळी पाचशे वर्षांचा इतिहास नको असेल. त्याला उठायचं असतं.

तरीही नांदी म्हणून ते गाणं फसलं, हे माझं मत कायम आहे. पुतण्याला ते खोलीत एकटं ऐकताना मिळालं, चित्रांशिवाय. तिथे ते मूळच्या जागी होतं, एका हट्टी माणसाच्या गोष्टीवर. फसलं ते नाट्यगृहात. पण ते काढून वाद्यवृंद बसवा, हा उपाय मी आता सुचवणार नाही. मॅकार्थींनी मालिकेच्या शेवटच्या नामावलीसाठी केलेली शांत सुरावट आहे, तीच सुरुवातीला हवी होती असं म्हणणारे बरेच आहेत. मीही त्यांच्यात होतो. ती सुंदर आहे. तिच्यात कुणीच राहत नाही, ही तिची अडचण. हवी होती ती 'आपण' म्हणणारी आणि तरी एखाद्याच गळ्यातून आलेली नांदी. असं गाणं लिहिणं अवघड आहे खरं, पण आमच्याकडे सगळी मंडळी एका पटात उभी राहून एका स्वरात ते काम शंभर वर्षं करत होती.

गेल्या महिन्यात त्या पैजेच्या मित्राला गाठलं. तो आता निवृत्त आहे, सकाळी ठरलेल्या वेळी मिसळीच्या गाड्यावर असतो. कानात घालायच्या वायरचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. आधी 'एंटरप्राइज'चं गाणं लावलं. त्याने अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "लग्नाच्या व्हिडिओत घालत्यात तसलं हाय की. कुणाचं लगीन?" मग मोबाइलचा पडदा झाकून ठेवला होता तो उघडला आणि चित्रं दाखवली. तो गप्प बसून बघत राहिला. जहाज आलं, विमान आलं, चंद्र आला. "हे आपल्या टायमाला नव्हतं," म्हणाला.

मग जुनं लावलं, दुसऱ्या पर्वातलं. तो आवाज चढला तसं त्याने डोळे मिटले. "बाईच हाय गा." मी लगेच पहिल्या पर्वातलं लावलं. त्याने कान टवकारला, पुन्हा एकदा लावायला सांगितलं, आणि टेबलावर हात आपटला. "हे वाद्य हाय! म्हटलं नव्हतो?"

मिसळीचे पैसे त्याने दिले, चहाचे मी.